बिनवासाची पेटी

रेवदंडा, ९ डिसेंबर

प्रिय राही,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून पोस्टाने लिहितेय. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

काम अगदी छोटं आहे. प्रकल्पाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची चावी तुझ्याकडे राहिली आहे. जूनमध्ये तू ज्या वेगाने विद्यापीठ सोडलंस, त्या वेगात चावी परत द्यायचं सुचलं नसणार, हे मी समजू शकते. ड्रिल, करवत, रबरी पट्ट्या, सगळं आत अडकलंय. मुरुडहून अलिबागला जाणाऱ्या कुठल्याही एसटीच्या ड्रायव्हरकडे दे, मी इथल्या स्टँडवर उतरवून घेईन. तुळशीकाकूंना नमस्कार सांग. लॉज कसं चाललंय? आईच्या लॉजवर पाहुण्यांच्या चादरी बदलणारी समाजशास्त्राची प्राध्यापिका राज्यात एकच असेल.

इकडे सगळं छान. आपला विषय, म्हणजे आता माझा, याही सत्रात चालू आहे. पहिल्या तासाला मी तुझंच वाक्य म्हटलं, "वेगवेगळ्या शाखांची मुलं एकत्र बसा, गावातली एक खरी अडचण घ्या आणि परीक्षेला उत्तर लिहून आणू नका, बनवून आणा." तू म्हणायचीस तेव्हा मुलं हसायची. माझ्या वेळी त्यांनी वहीत लिहून घेतलं. मुलं यंदा कमी आहेत, एकच गट झाला. पण गट चांगला आहे.

गुणांचं मी पुन्हा काढत नाही. तू म्हणत होतीस, गटाला मिळून एकच गुण द्यायचे. मी म्हणत होते, ज्याचं काम त्याचे गुण. डीन रावजी सरांनी बैठकीत हात वर करायला सांगितले आणि मी माझ्या मताच्या बाजूने हात वर केला. एवढ्यावर माणूस राजीनामा देतो का? मी अजूनही म्हणते की माझंच बरोबर होतं. पण ते जाऊ दे.

१७ मार्चला अभ्यासमंडळाची बैठक आहे. नियम तुला ठाऊकच आहे: दोन विद्याशाखांचे दोन शिक्षक नसतील तर विषय बंद. मी यंत्र अभियांत्रिकीची एकटीच उरलेय. मिळेल कोणीतरी. हे पत्र त्यासाठी नाही, चावीसाठी आहे.

तुझी,
प्रणाली


रेवदंडा, ३ जानेवारी

प्रिय राही,

चावी पोचली. सोबत एक अक्षरही नाही, पण चावीला सुपारी बांधलेली. ही आमंत्रणाची सुपारी की माझ्या नावाची, यावर मी आणि विनेश रिक्षावाला स्टँडवर उभे राहून बराच वेळ विचार करत होतो. शेवटी विनेश म्हणाला, "मॅडम, मुरुडची सुपारी हाय. इचार कसला करता, खाऊन टाका." मी पर्समध्ये ठेवली.

या विनेशचीच अडचण आम्ही यंदा घेतलीय. म्हणजे त्याची आणि नीराबाईची. नीराबाई कोळीवाड्यातून रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन त्याच्या रिक्षाने अलिबागच्या एका गल्लीत दारोदार विकायला जाते. पाटी गळते. पाणी सीटखाली मुरतं आणि मग दिवसभर मुंबईचे पाहुणे नाक धरून दुसऱ्या रिक्षात बसतात. मुलांना घेऊन गेले तेव्हा दोघांची जुंपलेलीच होती.

"मावशे, उद्यापास्ना दुसरी रिक्षा बघ. माजं गिऱ्हाईक पलतान."

"पलतान तर पलू दे. तुजी रिक्षा काय अत्तराची हाय?"

ऋत्विकने तिथल्या तिथे मोबाइलवर आकृती काढायला घेतली. तो माझ्याच शाखेचा, तिसऱ्या वर्षाचा. अडचण पूर्ण ऐकायच्या आत उत्तर तयार. झाकणाला रबरी पट्टी, आत जाळीचा दुसरा तळ, खाली पाणी साठेल आणि तोटीने काढता येईल. अमिषा रसायनशास्त्राची. अलिबागच्या किराणा व्यापाऱ्याची मुलगी, घरात कांदासुद्धा येत नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅम, मला दुसरा प्रॉब्लेम नाही का?" मी म्हटलं, "मासळीचा वास मारायला तुझ्याइतकं मोठं कारण इथे कोणाकडे आहे?" नाकाला रुमाल बांधून ती कामाला लागली आहे. नारळाच्या करवंटीच्या कोळशाची गाळणी करून झाकणात बसवायची म्हणते.

तिसरा निकेत, मराठी साहित्याचा, उरणकडचा. तो म्हणाला, "मॅडम, मी काय करू? मना स्क्रू पन पिळता येत न्हाय."

"तू बघ."

"काय बघू?"

"ते तूच सांग."

हे मी तुझ्या आवाजात म्हटलं. जमलं नसावं, कारण तेव्हापासून तो पेटीकडेच बघत बसलाय.

दुसऱ्या शिक्षकाचं जमत आलंय. इंग्रजीच्या सरांनी हो म्हटलंय.

प्रणाली


रेवदंडा, २८ जानेवारी

प्रिय राही,

पेटी झाली! ऋत्विकने ती पाण्याने भरून विनेशच्या रिक्षात आडवी टाकली आणि चौलच्या खड्ड्यांतून फिरवून आणली. थेंब नाही. अमिषाने त्याच्यावर ताण केला. आत ताजे बोंबील भरून पेटी स्टाफरूममध्ये ठेवून दिली. रावजी सर तिच्यावर डबा ठेवून जेवले आणि वर म्हणाले, "हे टेबल छान आहे, कुठून आणलं?" निकेतने नीराबाईची, विनेशची आणि पाहुण्यांची मुलाखत घेऊन सुरेख अहवाल लिहिला. मधल्या मूल्यमापनात तिघांनाही मी पैकीच्या पैकी दिले. ज्याचं काम त्याचे गुण, आणि तिघांचंही काम चोख.

आता पुढचं सांगते. हसू नकोस.

नीराबाईने पेटी आठवडाभर वापरली. विनेश खूश, रिक्षा कोरडी. आठवड्याने ती पेटी घेऊन विद्यापीठात आली आणि वर्गाच्या दारातच धापकन आदळली.

"पोरांनो, पेटी झकास हाय. पन माजा धंदा बसला. रोज अर्धा म्हावरा परत आनते."

"भाव वाढवलात का, मावशी?" निकेतने विचारलं.

"कशाला वाढवू? गिऱ्हाईकच येत न्हाय. मी गल्लीत कवा वरडत न्हाय. माजा पायगुनच तसा हाय. पाय टाकला का बायका आपसूक ताट घेऊन फाटकात येतान. आता कोन येत न्हाय." मग अमिषाकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाली, "बाय, तू त्या झाकनात काय घातलंस गो?"

"करवंटीचा कोळसा, मावशी."

"करनी तर न्हाय ना?"

अमिषा रडायच्या बेतात. ऋत्विक म्हणाला, "मॅम, पण माझा भाग तर करेक्ट आहे. गळत नाही." अमिषा म्हणाली, "माझाही. वास येत नाही." निकेत म्हणाला, "माजा अहवाल तुमीच वर्गात वाचून दाखवला."

तर असं आहे. तिघांना पैकीच्या पैकी आणि पेटी नापास. मी सांगितलं होतं, हसू नकोस. तुझं हसणं मला इथपर्यंत ऐकू येतंय. मधल्या साळावच्या पुलालाही येत असेल.

इंग्रजीच्या सरांनी पेटी बघितली, आत काय असतं ते ऐकलं आणि त्यांना अचानक पेपर तपासणी लागली. मिळेल कोणीतरी.

प्रणाली


रेवदंडा, १२ फेब्रुवारी

प्रिय राही,

ऋत्विकला उत्तर सापडलं होतं. "सिंपल आहे मॅम. मावशी ओरडत नाहीत, तर पेटीने ओरडायचं." त्याने झाकणाला छोटा स्पीकर लावला आणि एक छानशी धून भरली. गल्लीत शिरलं की बटण दाबायचं. आम्ही सगळे बघायला गेलो.

नीराबाईने बटण दाबलं. आणि काय सांगू, दोन्ही बाजूंची फाटकं फटाफट उघडली. बायका धावत बाहेर. ऋत्विकने हात वर करून जल्लोषच केला. मग दिसलं की एकीच्याही हातात ताट नाही. एका हातात ओल्या कचऱ्याचा डबा, दुसऱ्या हातात सुक्याचा.

घंटागाडीसुद्धा गाणं वाजवतच येते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आपल्या सगळ्यांच्या दारावरून ती रोज जाते! एका आजींनी तर विचारायच्या आत बटाट्याची सालं पेटीवर ओतली. नीराबाई गल्लीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "मी काय नगरपालिकेची हाय?" आणि त्या दिवशी ती अर्धी नाही, सगळी मासळी घेऊन परत आली. विनेश हसून हसून रिक्षा चालवू शकत नव्हता, तेव्हा तिने त्याला पेटीवरची सालं मारली.

परतताना मात्र गंमत नव्हती. तिघं रिक्षात तीन दिशांना तोंडं करून बसलेले. दुसऱ्या दिवशी अमिषा प्रयोगशाळेत, ऋत्विक वर्कशॉपमध्ये, निकेत वाचनालयात. प्रत्येकाकडून एकच वाक्य, "मॅम, माझं काम झालंय." आणि खरंच, माझ्या गुणांच्या तक्त्याप्रमाणे झालंच होतं. मी खोलीत एकटी बसले होते, समोर बटाट्याचा डाग पडलेली पेटी. ही एक गोष्ट तुला लिहायची नव्हती.

तेवढ्यात मुरुडच्या एसटीतून तुझं कार्ड आलं.

"पेटीकडे बघू नका. गल्लीकडे बघा. नीराबाई यायच्या आधी तिथे काय होतं?"

मायना नाही, सही नाही, खुशाली नाही. तिघांना बोलावून मी ते मोठ्याने वाचलं. निकेतने कार्ड माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. मग म्हणाला, "राही मॅडमनी लिवलंय ना? तुमी म्हनलेला, तू बघ. पन कुठं बघायचा ता सांगितलाच न्हाय."

मी सांगितलं होतं असं मला वाटत होतं. असो. उद्या तिघंही जाणार आहेत. पेटीशिवाय, नुसते.

प्रणाली


रेवदंडा, २४ फेब्रुवारी

राही, राही, राही!

मांजरं!

नीट सांगते. एक सकाळ जुनी पाटी, दुसरी सकाळ नवी पेटी, असं त्यांनी ठरवलं. तिघं गल्लीतल्या एका कुंपणाच्या भिंतीवर ओळीने बसले. अमिषासुद्धा, रुमालासकट. मी कोपऱ्यावर विनेशच्या रिक्षात.

पाटीचा दिवस. नीराबाई अजून वळणावरही दिसत नव्हती. पहिल्या घराच्या पायरीवर एक करडी मांजर झोपली होती. तिने डोळा उघडला, नाक वर केलं, अंग ताणलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ओरडायला लागली. मग समोरच्या गच्चीवरचा बोका उतरला. मग कौलावरून दोन. आतून एक बाई म्हणाली, "आली वाटतं नीराबाई," आणि ताट घेऊन बाहेर आली. एकामागून एक सगळी फाटकं उघडली. नीराबाई गल्लीत शिरली ती राणीसारखी, तोंडातून शब्द न काढता.

पेटीचा दिवस. तीच गल्ली, तीच वेळ, तीच नीराबाई. करडी मांजर झोपलेली. नीराबाई तिच्या शेपटीजवळून गेली तरी झोपलेलीच. निकेत भिंतीवरून उडी मारून त्या घरात गेला आणि विचारलं, "काकू, आज मासळी नको?" काकू म्हणाल्या, "अगंबाई, आली का? आमची मनी उठली नाही, म्हणून मला वाटलं आज खाडा."

इतकी वर्षं हे चाललंय आणि कोणालाच माहीत नव्हतं. ना काकूंना, ना आम्हाला, ना नीराबाईला. तिला सांगितलं तर ती पेटीवरच बसली आणि भडकली.

"म्हंजे मांजराच्या जिवावर माजा धंदा? आनि माजा पायगुन?"

विनेश म्हणाला, "मावशे, चार पायांचा पायगुन जास्त भारी."

त्याला तिने काय उत्तर दिलं ते पोस्टाने पाठवता येणार नाही.

खरी मजा मात्र खोलीत परत आल्यावर. ऋत्विक म्हणाला, झाकणाला छोटी झडप लावू, गल्लीच्या तोंडाशी उघडायची, थोडा वास सोडायचा. अमिषा उसळली. "दोन महिने मी वास मारला आणि आता म्हणतोस सोड?" मला वाटलं, झालं, आता पुन्हा तीन दिशा. पण ती स्वतःच पेटीभोवती फिरली, कोळशाच्या गाळणीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे नको, गाळणीच्या बाजूने काढ. नाहीतर रिक्षातही येईल." ऋत्विकने विचारलं, "किती वेळ उघडी ठेवायची?" तिने निकेतकडे वळून विचारलं, "मांजर उठायला किती वेळ लागतो?"

राही, हा प्रश्न कुठल्याच विद्याशाखेच्या पुस्तकात नाही. आणि निकेतला उत्तर माहीत होतं! म्हणाला, "करडी आलशी हाय. तिच्या हिशेबानं धरू नको, बोक्याच्या हिशेबानं धर."

झडप लागली. रिक्षात बंद, गल्लीत अंगठ्याने उघडायची. काल नीराबाई रिकामी पेटी घेऊन आली, आतून धुतलेली. मी विचारलं, "मग मावशी, पायगुण कोणाचा?"

"झाकनाला आंगठा कोन लावता? मीच ना? मंग पायगुन माजाच."

प्रणाली


रेवदंडा, ५ मार्च

प्रिय राही,

आता खरं लिहिते.

कपाट आम्ही जूनमध्येच पहारीने उघडलं होतं. तू चावी पाठवलीस तेव्हा तिला लावायला कुलूपच शिल्लक नव्हतं. मला पत्र लिहायला काहीतरी कारण हवं होतं.

'मिळेल कोणीतरी' असं मी दोनदा लिहिलं. मिळालंय. वाणिज्यच्या एक मॅडम सही करायला तयार आहेत. वर्गात येणार नाहीत, मुलांना भेटणार नाहीत, फक्त सही. त्या सहीवर १७ तारखेला विषय वाचेल. रावजी सरही म्हणाले, "उरकून टाका, प्रणाली मॅडम. नियम भागतो." मी अजून त्यांना होकार कळवलेला नाही.

कारण नियम भागेल, पण पुढच्या वर्षी पेटी कोसळल्यावर 'गल्लीकडे बघा' असं कोण म्हणणार? मला ते येत नाही. मला रबरी पट्टी किती जाड हवी ते येतं. आपण दोघींनी हा विषय सुरू केला तेव्हा मुलांना सांगत होतो की एकट्याच्या शास्त्राने अडचण सुटत नाही, आणि जूनपासून मी तो विषय एकटीच शिकवतेय. रावजी सरांना यात काही विचित्र वाटत नाही. मला वाटतं.

सही करायला कोणीही चालेल. मला तू हवी आहेस.

मानद म्हणून आठवड्याचे दोन दिवस ये. मंडळाला ते चालतं, मी विचारून घेतलंय. चादरी सोमवारी बदल. तुळशीकाकूंशी मी बोलते. त्या मला ब्लॉक करणार नाहीत.

गुणांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. फक्त काल तिघं एकत्र आले. (एकत्र!) म्हणाले, "मॅम, वेगवेगळे गुण देताना झडप कोणाच्या नावावर टाकणार?" ऋत्विकने कापली, अमिषाने जागा दाखवली, वेळ निकेतने सांगितली. मी गुणांचा तक्ता काढला. झडपेची ओळ अजून कोरी आहे. तू येऊन सांग.

१७ मार्च, सकाळी अकरा. मंडळापुढे मुलं पेटी दाखवणार आहेत. तू आली नाहीस तर मी सही घेणार नाही आणि विषय बंद झाला तर होऊ देईन. हा धाक नाही. माझं ठरलंय, ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी,
प्रणाली


प्रकल्पाची खोली, १९ मार्च

राही,

तू मुलांना घेऊन स्टँडवर गेली आहेस आणि मला आता तास आहे, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या टेबलावर ठेवतेय. तिकीट लावलेलं नाही.

१. ऋत्विकला झडपेचा नवीन नमुना आजच हवाय. कोळीवाड्यातल्या आणखी चौघींनी पेट्या मागितल्यात. नीराबाईने त्यांना सांगितलंय की पेटी चालेल, पायगुण जिचा तिने आणावा.

२. रावजी सरांच्या पँटवरचे मांजराचे केस अजून निघालेले नाहीत. झडप उघडताच कॅन्टीनचा बोका मंडळाच्या खोलीत शिरून थेट त्यांच्याच मांडीवर जाऊन बसेल, हे आपल्यापैकी कोणीही शिकवलं नव्हतं. तरी विषय चालू ठेवायला मंडळात सगळ्यात आधी हात त्यांनीच वर केला, हे लक्षात ठेवू या.

३. माझ्या शेवटच्या पत्राला आलेलं तुझं कार्ड मी कपाटाच्या दारावर चिकटवलंय. 'वास पोचला. येते.' मुलं येता-जाता वाचतात आणि हसतात. अमिषा म्हणते, फ्रेम करा.

४. गुण. तू काल म्हणालीस, निम्मे गटाला, निम्मे ज्याचे त्याला. मी हो म्हटलं ते तुझी एसटी चुकत होती म्हणून. निम्म्याहून कमी गटाला द्यायला हवेत. हे भांडण पुढच्या वर्षीच्या पहिल्या तासाला करू, मुलांसमोर. त्यांनाही कळू दे, दोन शाखा एकत्र बसतात म्हणजे काय.

कपाटाला नवीन कुलूप आणलंय. त्याच्याबरोबर दोन चाव्या आल्या. एक माझ्याकडे, दुसरी या चिठ्ठीखाली आहे. तिला बांधलेली सुपारी तुझीच. मी खाल्ली नव्हती.

प्रणाली